खिडकीची वजावट

गिलाव्याचं बिल मिस्त्रीनं वहीतल्या आखीव पानावर लिहून आणलं, त्या दिवशी मामा आणि ताई दोघंही घरी होते. कराडच्या बाजूला गावात आम्ही बांधतोय ते घर. तळमजला आणि वर दोन खोल्या. पानावर भिंतीगणिक लांबी-उंची होती, शेवटी बेरीज होती: आत-बाहेर मिळून ६,६७४ चौरस फूट. मी दोनदा पाहिलं. खिडक्या-दारं कुठंच वजा केलेली नव्हती.

"मिस्त्री, खिडक्या कुठं धरल्यात?"

"धरल्यात की, दादा. भरून धरल्यात. गिलाव्यात खिडकी कापत नसतात."

दर ठरवताना कागद मीच लिहिला होता. त्यावर एकच ओळ होती: गिलावा आत-बाहेर, फक्त मजुरी, चौरस फुटाला इतके. माल आमचा, हात त्याचे. मोजायचं कसं, याबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता. मला ते तेव्हा सुचलंही नाही. चौरस फूट म्हणजे चौरस फूट, त्यात आणखी काय ठरवायचं, असं वाटलं होतं.

मामा सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेत. ताई अकरा वर्षं दुबईत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. म्हणजे इमारतीचं एकेक काम मोजून त्याच्या किमतीचा हिशेब मांडणं, हाच दोघांचा व्यवसाय. मला वाटलं, पाच मिनिटांत आकडा हातात येईल. मिस्त्री संध्याकाळी येतो म्हणून गेला आणि इकडे दुपारचा चहा दोनदा झाला.

मामांनी पान हातात घेतलं आणि विचारलं, "भोकं केवढी आहेत?"

मी यादी वाचली. खिडक्या नऊ, १.२ बाय १.२ मीटर. दारं सात, १ बाय २.१. न्हाणीघरं-संडासांची झरोक्याची तावदानं तीन, ०.६ बाय ०.६. आणि मागच्या पडवीकडचं सरकतं काचेचं दार, २.४ बाय २.१.

"सोपं आहे. मोजमापाचं भारतीय मानक, आयएस १२००, भाग १२. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही आणि त्याच्या आतल्या कडाही धरायच्या नाहीत. अर्ध्यापासून तीनपर्यंतचं भोक एकाच बाजूचं वजा करायचं, दुसऱ्या बाजूचं सोडून द्यायचं. ते सोडलं की आतल्या बगला, उंबऱ्याची बाजू, वरची बाजू यांचे पैसे त्यातच आले. तीनच्या वरचं असेल तर दोन्ही बाजू वजा करायच्या आणि बगला वेगळ्या मोजून मिळवायच्या. तुझी तावदानं सुटली. खिडक्या आणि दारं एका बाजूची गेली. सरकतं दार दोन्ही बाजूंचं गेलं, बगला आल्या."

"आणि आतला गिलावा वेगळा, बाहेरचा वेगळा असेल तर? एक बाजू म्हणजे कुठली?" ताईनं विचारलं.

"तेही लिहिलंय. ज्या बाजूला चौकटीबाहेर भिंतीची रुंदी कमी उरते, त्या बाजूचं वजा."

ताई हसली नाही. तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि मिस्त्रीच्याच पानाच्या मागच्या बाजूला आकडे मांडायला घेतले. ती काय करतेय ते मला आधी कळेना. खिडकीच्या चार बाजू मिळून ४.८ मीटर. आपली भिंत ९ इंची, म्हणजे ०.२३. ॲल्युमिनिअमची खिडकी गिलाव्यानंतर बसते, म्हणून पूर्ण रुंदीला गिलावा होतो. ४.८ गुणिले ०.२३, म्हणजे १.१० चौरस मीटर. आणि खिडकीच्या एका बाजूचं क्षेत्रफळ १.४४.

"मामा, तुमचा नियम १.४४ सोडून देतो, कारण बगला कराव्या लागतात म्हणून. बगला आहेत १.१०. म्हणजे दर खिडकीमागे ०.३४ जास्त गेले. ते एक वेळ चालेल. पण दार पाहा. दाराची चौकट जवळजवळ भिंतीच्या जाडीची. बाहेर उरतात फार तर ५ सेंटीमीटर. तीन बाजू मिळून ५.२ मीटर, म्हणजे बगला पाव चौरस मीटर. आणि नियम सोडून देतो २.१. हे कुठल्या हिशेबात बसतं?"

"जुन्या भिंतीच्या हिशेबात बसतं," मामा म्हणाले. "आजोळचं घर आठवतं? दगडी भिंत, दीड फूट जाड. ४५ सेंटीमीटर. चौकट दहाची. उरले ३५. आता गुण."

तिनं गुणलं. ४.८ गुणिले ०.३५, १.६८. या वेळी बगलाच १.४४ पेक्षा जास्त भरल्या. मिस्त्रीचंच नुकसान.

"म्हणजे जाड भिंतीत ठेकेदाराचं जातं, पातळ भिंतीत मालकाचं जातं," ताई म्हणाली. "आता सगळ्या भिंती पातळच आहेत. मग हा नियम ठेवायचा कशाला? माझ्याकडे संगणकावर इमारतीचं मॉडेल आहे. त्यात भिंत, खिडकी, चौकट सगळं मापात बसवलेलं असतं. बटण दाबलं की निव्वळ क्षेत्रफळ येतं. आम्ही ज्या पुस्तकावर काम करतो, त्याचा पायाच हा आहे की काम जागेवर बसलंय तेवढं निव्वळ मोजायचं."

तिनं तिन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिले. ते पान मी अजून ठेवलंय. मिस्त्रीच्या रीतीनं वजावट शून्य. मामांच्या नियमानं ३६.२२ चौरस मीटर, म्हणजे ३९० चौरस फूट. ताईच्या निव्वळ मापानं ५२.६२ चौरस मीटर, म्हणजे ५६६ चौरस फूट. एकच घर, एकच गिलावा, तीन बिलं. आणि तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त हलवून गेलं ते हे.

"तुझ्या-माझ्यात फरक १७६ फुटांचा," मामा म्हणाले. "पावणेसात हजारांत पावणेदोनशे. शेकड्याला पावणेतीनसुद्धा नाही."

"पण तो नेहमी एकाच दिशेला आहे. चूक कधी इकडे, कधी तिकडे झाली तर मी समजू शकते. आणि एक सांगा. खिडकी १.८ बाय १.६५ घेतली तर २.९७ होते. तुमच्या नियमानं २.९७ वजा. तीच २.१ बाय १.५ घेतली तर ३.१५ होते. आता दोन्ही बाजू वजा, ६.३०, त्यात बगला मिळवायच्या १.६६. वजावट ४.६४. खिडकी वाढली वीतभर आणि मिस्त्रीचे अठरा चौरस फूट गेले. त्यानं काय पाप केलं?"

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. खरं तर मला वाटलं, इथं ते अडले. पण ते त्या प्रश्नाला भिडले आणि वेगळ्याच बाजूनं.

"रेघ कुठंतरी मारावीच लागते. तीनला मारली म्हणून ३.१५ वाला रडतो, चारला मारली तर ४.१५ वाला रडेल. तुमच्या पुस्तकात नाही का, की अमुक मापाखालची पोकळी वजा करायची नाही?"

"आहे," ताईनं मान्य केलं.

"का आहे? मॉडेल तर सगळं देतं."

"कारण बारीकसारीक भोकं मोजण्याचा खर्च..."

"हेच. मोजणीलासुद्धा मजुरी पडते. आणि मोजणी एकट्यानं होत नाही, दोघांनी मान्य करावी लागते. विटांच्या भिंतीत ०.१ चौरस मीटरपर्यंतचं भोक आम्ही वजा करत नाही. एक्झॉस्ट फॅनचं भोक फूटभर चौरस, ०.०९. वाचतात थोड्याच विटा. पण ते भोक कडा नीट राखून सोडायला गवंड्याला थांबावं लागतं, विटा तोडाव्या लागतात. फिटंफाट. स्लॅब घे. शंभर चौरस मीटरचा, पाच इंची, म्हणजे साडेबारा घनमीटर. त्यात समज एक टन लोखंड. लोखंडाचं घनमीटरला वजन ७,८५० किलो, म्हणजे त्या सळ्यांनी जागा व्यापली ०.१३ घनमीटर. शेकड्याला एक. ते काँक्रीटमधून वजा करायचं नाही, असं पुस्तक म्हणतं. तू तिसऱ्या दशांशापर्यंत वजा करशील, आणि इकडे स्लॅबच्या जाडीत पाच मिलिमीटरचा फरक पडला तर तुझे सगळे दशांश वाहून जातील. म्हणून तर जाडी अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतच लिहायची आणि लांबी-रुंदी एका सेंटीमीटरपर्यंत. हातानं बांधलेल्या वस्तूला तेवढंच माप सोसतं."

मग त्यांनी दाराच्या रंगाचं उदाहरण काढलं, आणि मला ते फार आवडलं. पॅनलचं दार असतं, त्याला कंगोरे असतात, खाचा असतात, कडा असतात. रंग त्या सगळ्याला लागतो. पण कंगोरा कोण मोजणार? म्हणून नियम असा की दार सपाट धरून लांबी-रुंदी घ्यायची आणि १.३० नं गुणायचं, दर बाजूला. सपाट फ्लश दार असेल तर १.२०. पन्हाळी पत्रा १.१४. घडीचं लोखंडी फाटक १.५०, त्यात मागचं-पुढचं सगळं आलं. "हे आकडे कुणाच्याही एका दाराचं खरं क्षेत्रफळ नाहीत. पण साताऱ्याचा रंगारी आणि नागपूरचा रंगारी दर भरताना हाच आकडा डोक्यात ठेवतो. दर त्या आकड्याला चिकटलेला असतो."

दर आणि नियम एकमेकांना चिकटलेले असतात, हे मामा त्या दुपारी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत बोलले. पहिल्या दोन वेळा माझ्या कानावरून गेलं.

ताईचं म्हणणं मात्र सोडून देण्यासारखं नव्हतं. तिनं सांगितलं की तिकडे कामाची यादी आधी मोजून तयार होते, तीच यादी सगळ्या ठेकेदारांकडे जाते आणि सगळे तिच्यावर दर भरतात. इंग्लंडात १९२२ साली सर्व्हेअरांची संस्था आणि बांधकाम ठेकेदारांचा महासंघ यांनी बसून मोजमापाचं पहिलं प्रमाण पुस्तक काढलं ते याच कारणानं. त्याआधी प्रत्येक सर्व्हेअरची रीत निराळी असे आणि ठेकेदाराला आधी मोजणारा ओळखावा लागे, मग दर. पुढे १९७९ मध्ये परदेशांतल्या कामांसाठी त्याच परंपरेतलं छोटं पुस्तक निघालं, आखातातलं पुष्कळ काम त्यावर चालतं. "मला नियम नको आहेत असं नाही, मामा. मला सैल नियम नको आहेत. १९२२ मध्ये सर्व्हेअरच्या हातात टेप आणि पेन्सिल होती. माझ्या हातात तेवढंच नाही."

"तुझं मॉडेल मला काय सांगतं? काय बांधायचं होतं ते. माझा टेप मला काय सांगतो? काय बांधलं ते. बिल बांधलेल्याचं द्यायचं असतं."

"लेझरनं बांधलेलंही मोजता येतं आता."

"येतं. पण पाया भरून गेल्यावर लेझर काय मोजणार?"

आणि मग मामा एमबीवर आले. मोजमाप पुस्तक. खात्यातल्या माणसाला एमबी म्हटलं की पाठीचा कणा ताठ होतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. ते घरी आणलेलं असलं तर देवघराच्या वरच्या फळीवर असायचं आणि आम्हाला त्या फळीखाली चेंडू खेळायची बंदी होती. छापील आकड्यांची पानं. पान फाडायचं नाही, कोरं सोडायचं नाही. आकडा चुकला तर खोडरबर नाही, वर गिरवायचं नाही. एक रेघ मारून चुकलेला आकडा वाचता येईल असा ठेवायचा, नवा लिहायचा आणि शेजारी सही. नग, लांबी, रुंदी, खोली असे रकाने. नोंद शाखा अभियंत्यानं करायची, वरच्या अधिकाऱ्यानं त्यातली काही मापं जागेवर जाऊन पुन्हा घ्यायची. ठेकेदारानं किंवा त्याच्या माणसानं मोजणीला हजर राहून मापं मान्य आहेत म्हणून सही करायची.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी," मामा सांगू लागले, "एका शाळेच्या इमारतीचा पाया खणून झाला होता. मी संध्याकाळी पोचलो. अंधार पडत होता, म्हटलं उद्या मोजू. रात्री वळीव आला. सकाळी खड्डे पाण्यानं भरलेले आणि कडा ढासळलेल्या. ठेकेदार म्हणाला, दीड मीटर खोल खणलं होतं. मुकादम म्हणाला, सव्वा. खरं कोण बोलतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर जे काम झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी मोजल्याशिवाय मी घरी गेलो नाही. बॅटरी घेऊन मोजलंय. आणि कापडी टेपनं नाही, पोलादी टेपनं. कापडी टेप ओला झाला, वापरून ताणला, की माप हलतं."

नियम नसते तर त्या पाण्यातल्या खड्ड्याचं काय केलं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, खणकामाचं माप नकाशात दिलेल्या रुंदीचंच धरतात. कडा ढासळून खड्डा मोठा झाला किंवा ठेकेदारानं सोयीसाठी जास्त खणलं तर ते जास्तीचं धरत नाहीत. माती ज्या जागेवरून काढली तिथली घट्ट मापाची धरतात, काढून टाकलेल्या ढिगाची नाही, कारण सुटी झालेली माती फुगते. "तेव्हा रुंदीचा वाद नव्हताच. फक्त खोलीचा होता. नियमानं तीन भांडणांतली दोन आधीच मिटवली होती. एक राहिलं, ते माझ्या आळसामुळे."

हल्ली गावात पाया जेसीबी खणतो आणि तासावर पैसे घेतो. खड्डा कुणीच मोजत नाही. वाळू-खडी अजून ब्रासवर येते, शंभर घनफुटाचा ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर; पण ट्रॉलीचा हौदा फूटपट्टी लावून पाहणारा मालक मला आसपास दिसत नाही. मीही पाहिला नव्हता.

आयएस १२०० पहिल्यांदा १९५८ मध्ये निघालं, मामांनी सांगितलं. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं वेगवेगळ्या खात्यांच्या आणि रेल्वेच्या आपापल्या रीती असत. एकच ठेकेदार दोन खात्यांत काम करी आणि तीच भिंत दोन तऱ्हांनी मोजून घेई. १९६४ मध्ये ते सुधारलं आणि पुढे कामागणिक वेगळे असे २८ भाग झाले: मातीकाम, काँक्रीट, विटकाम, दगडी बांधकाम, लोखंड, गिलावा, रंग. "त्यात काय शहाणपण आहे ते विचारू नकोस," मामा ताईला म्हणाले. "त्यात काय करार आहे ते विचार. आपल्याकडे फ्लॅट घेणाऱ्यांचं काय होत होतं? सुपर बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली, सगळं वाटून तुमच्या हजार फुटांत. एक बिल्डर इतकं चढवी, दुसरा तितकं. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट म्हणजे काय ते लिहून टाकलं. आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. आता हेच माप सर्वांत अचूक आहे का? आतली भिंत धरली म्हणून तिच्यावर कुणी झोपू शकत नाही. पण पुण्यातला कार्पेट आणि ठाण्यातला कार्पेट एकच झाला. माणसाला दोन घरांची तुलना करता आली."

ताईला हे पटलं, असं मला दिसलं. पण ती म्हणाली, "तरी तुमचं दार मला सलतंय."

अंधार पडायच्या सुमाराला मिस्त्री आला. हातपाय धुऊन आला होता, पण नखांच्या कडेला सिमेंट होतंच. ताईनं त्याला तिन्ही आकडे दाखवले. त्यानं पान लांब धरून पाहिलं आणि परत दिलं.

"ताई, आकडे बरोबर असतील. पण तुम्ही या इकडे."

तो आम्हाला हॉलच्या खिडकीपाशी घेऊन गेला. त्यानं खिडकीच्या उभ्या कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. कोर. दोन्ही बाजूंचा गिलावा जिथं काटकोनात भेटतो ती धार. "ही सलग भिंत एका थराला आमची दोन माणसं सपासप ओढतात. फळी मारली, रंधा मारला, पुढं. या खिडकीपाशी आलं की थांबलं. ओळंबा धरायचा, दोन्हीकडून फळी बांधायची, एक बाजू करायची, ती ओढली की दुसरी. चार कोरा आतनं, चार बाहेरनं. खाली पाण्याला उतार द्यायचा. गुन्या लावून बघायचा, नाहीतर काचवाला येऊन शिव्या देतो. एका खिडकीत माझ्या गवंड्याचा अर्धा दिवस जातो. तेवढ्यात तो केवढी सलग भिंत करील? ह्या भोकापेक्षा जास्त. म्हणून आम्ही खिडकी भरून धरतो. माझ्या बापानंपण तशीच धरली."

कुणीच काही बोललं नाही. मी त्या कोपऱ्यावर हात ठेवून पाहिला. धार वरपासून खालपर्यंत एका रेषेत होती. रोज त्या खिडकीशेजारून जात होतो, पण कधी बघितलं नव्हतं.

मामांनी विचारलं, "दारालाही तसंच?"

"दाराला कमी. चौकट आधी बसलेली असते, तिच्या अंगानं ओढायचं. पण चौकटीला सिमेंट लागू द्यायचं नाही, सांधा साफ काढायचा. दाराचं थोडं आम्हाला सुटतं, खिडकीचं थोडं आमचं जातं."

"आणि हे सरकतं दार?"

मिस्त्री पडवीकडं वळून पाहून म्हणाला, "एवढं मोठं मी पण भरून धरत नाही, साहेब. लिहिताना पोरानं धरलं असंल. ते कापा."

म्हणजे त्याच्याकडेही रेघ होती. छापलेली नव्हती, आकड्यात नव्हती, पण होती. आणि ती मामांच्या तीन चौरस मीटरांपासून फार लांब नव्हती.

ताई म्हणाली, "यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि माझं माप चुकीचं नाही. मी क्षेत्रफळ मोजलं. यांचा खर्च वेळेत आहे. आमच्या जुन्या इंग्लिश पुस्तकात ३०० मिलिमीटरपेक्षा अरुंद गिलाव्याची पट्टी चौरस मीटरमध्ये मोजायचीच नाही, लांबीवर मोजायची, आणि तिला वेगळा दर. बगल म्हणजे तीच पट्टी. भिंत निव्वळ मोजा, कोर रनिंग फुटावर मोजा. कुणाचं कुणाकडे काही राहणार नाही."

"चालंल की," मिस्त्री म्हणाला. "पण मग भिंतीचा दर मी वेगळा सांगितला असता."

इथं मामा जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांनी जे सांगितलं त्यात त्यांची स्वतःची बाजूही त्यांनी सोडली, म्हणून ते मला मोलाचं वाटतं. ते म्हणाले, आयएस १२०० चा नियम सकाळपासून मी लावत होतो तो इथं लागू नाही. सरकारी दरसूचीतला गिलाव्याचा दर माल आणि मजुरी दोन्हीचा असतो. भोकाला सिमेंट-वाळू लागत नाही, म्हणून तिथं एक बाजू वजा करणं रास्त. इथं सिमेंट तुमचं. न लागलेल्या सिमेंटचा फायदा तुम्हाला आधीच मिळालाय. मिस्त्रीचा दर हा नुसत्या हातांचा दर आहे आणि त्यानं तो खिडकी भरून धरायची या समजुतीनं सांगितला. नियम दुसरा लावायचा असेल तर दरही दुसरा लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद कुणी लिहिला होता?"

"मी."

"त्यात वजावटीबद्दल काय लिहिलं होतंस?"

"काही नाही."

"मग कागदातल्या मोकळ्या जागेचा तोटा लिहिणाऱ्यानं सोसायचा. खात्यातही निविदा आम्ही लिहायचो, आणि शब्द गुळमुळीत असला की लवादापुढे आम्हीच मार खायचो. तो मार बरोबरच होता."

सरकत्या दाराची वजावट बगला मिळवून ८.५६ चौरस मीटर भरली, ९२ चौरस फूट. ६,६७४ मधून ९२ गेले, राहिले ६,५८२. तेवढ्याचे पैसे मी मिस्त्रीला दिले. ताईला अजूनही दारांचं पटलेलं नाही. विमानतळावर जातानाही ती म्हणाली की पुढच्या घराला कोर वेगळी लाव, भिंत निव्वळ लाव, मी तुला तक्ता करून पाठवते. मामांचं म्हणणं, तक्ता छान असेल, पण पंचक्रोशीत त्या तक्त्यावर दर सांगणारा एक मिस्त्री मला दाखव. या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. जे माप समोरच्या माणसाला स्वतःच्या टेपनं पडताळून पाहता येत नाही, त्यावर त्याची सही घेणं मला बरोबर वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. दर बोलण्याआधी आम्ही दोघांनी घरभर फिरून मोजणीच्या ओळी ठरवल्या आणि दराच्या वरच त्या लिहिल्या. भिंतीतली खिडकी-दारं तीन चौरस मीटरपर्यंत एका बाजूची वजा, बगलांचे पैसे वेगळे नाहीत. पडवीचं सरकतं दार दोन्ही बाजूंचं वजा. पॅनलची दारं सपाट मापाच्या १.३० पट, दर बाजूला. मोजणी दोघांनी मिळून, रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी. ते वाचल्यावर त्यानं भिंतीचा दर आधी मनात होता त्यापेक्षा थोडा वाढवून सांगितला आणि दारांचा कमी केला. मी घासाघीस केली नाही. खाली दोघांच्या सह्या झाल्या.

घर, दुकान, गोठा, काहीही बांधायला काढलं असेल, तर मिस्त्रीला दर विचारण्याआधी एवढं विचारा: खिडकी कापणार की भरून धरणार? आणि तो जे सांगेल ते दराच्या शेजारी, त्याच कागदावर, त्याच्यासमोर लिहा.